कुंदन सरांचं कॉलेज

दीपमालाला नाच शिकवला तो कुंदन सरांनी. नाशिकच्या पंचवटीत एका दुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास होता. सर स्वतः कधी नाचून दाखवत नसत, खुर्चीवरूनच शिकवत. मखमलाबादच्या मळ्यातून सायकल मारत येणारी ही मुलगी सिनेमाच्या गाण्यांवर फारशी रमायची नाही. पण सरांनी एकदा व्हिडिओवर कंटेम्पररी दाखवलं, जमिनीवर पडायचं, घरंगळायचं, श्वासाबरोबर उठायचं, आणि तिचा जीव त्यातच अडकला. बारावीनंतर पदवीही नृत्याचीच घ्यायची, असं तिने ठरवलं. वडील थोडे कुरकुरले, पण आई, रूपाली, तिच्या बाजूने उभी राहिली.

कॉलेज कोणतं, हा प्रश्न सरांच्या लेखी नव्हताच. "माझं," ते म्हणाले. मुंबईतलं ते कॉलेज नावाजलेलं होतं आणि सर तिथेच शिकले होते. दीपमालाने मात्र पुण्यातल्या एका लहान कॉलेजचीही निवडचाचणी दिली होती. सरांना ते सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं. दोन्हीकडे निवड झाली, तेव्हा रूपाली म्हणाली, "नुसत्या नावावर नको जाऊ. दोन्हीकडं जाऊन दिवसभर बसू, मग ठरव."

मुंबईचा हॉल पाहून दीपमाला हरखून गेली. भिंतभर आरसे, आणि मुलं अशी सफाईने नाचत होती की तिच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात उडी मारून उतरताना एक मुलगी फरशीवर कोसळली. शिकवणाऱ्या मॅडमनी ताल थांबवला नाही. मुलगी कोपऱ्यात गेली, गुडघ्याला पट्टा आवळला आणि परत रांगेत येऊन उभी राहिली.

मधल्या सुट्टीत दीपमालाने तिला गाठलं. "खूप दुखतंय का?"

"सगळ्यांचंच दुखतं," ती म्हणाली. "सांगितलं तर पुढच्या कार्यक्रमातून नाव कापतात."

पुण्याचा हॉल लहान होता, भिंतींचा रंग उडालेला. पण खाली लाकूड होतं, उडी मारली की पायाला सावरून घेणारं. तिथल्या बाईंनी दीपमालाला बसू दिलं नाही, थेट वर्गात घेतलं. तिसऱ्या वर्षाची मुलं स्वतः बसवलेला नाच करत होती. एका मुलीचं आणि बाईंचं नाचाच्या शेवटावरून चांगलंच वाजलं, आणि बाईंनी शेवटी त्या मुलीचं ऐकलं.

"पोरी बाईंना उलटं बोलत्यात," एसटीत बसल्यावर रूपाली म्हणाली, "अन् बाई हसत्यात. मला लय बरं वाटलं तिथं."

दीपमालालाही तेच वाटत होतं. पण सरांना कसं सांगायचं, त्याची वाक्यं ती नाशिक येईपर्यंत मनात जुळवत राहिली.

मुंबईत कोसळलेली ती मुलगी, पुण्याची लाकडी जमीन, सगळं सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोक त्या कॉलेजसाठी जिवाचं रान करतात. आणि तू लाकडी जमिनीसाठी ते सोडतेस?"

"जमिनीसाठी नाही, सर." तिला एवढंच बोलायचं होतं, पण तोंडातून निघून गेलं, "तुम्ही स्वतः का नाही नाचत?"

सर उठले, एकेक खिडकी लावू लागले. "घरी जा, दीपमाला," ते पाठमोरेच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. असं कसं बोलून गेलो आपण, म्हणून ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. रूपाली म्हणाली, "खरं होतं म्हणून लागलं त्यांना. थोडी कळ काढ."

एका सकाळी मायलेकी झेंडू क्रेटमध्ये भरत होत्या, तेव्हा सरांची स्कूटर बांधावर येऊन थांबली. ते एका पालथ्या क्रेटवर बसले, उजवा पाय सरळ पसरून.

"दुसऱ्या वर्षाला असताना गुडघा गेला," ते म्हणाले. "कुणालाच सांगितलं नाही. सगळे सहन करतात, आपणच कमी पडलो असं वाटायचं. आजवर तसंच वाटत होतं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तू तिथे गेली असतीस, तर माझं राहिलेलं पुरं झालं असतं. म्हणून मागे लागलो होतो."

"मी तसं बोलायला नको होतं, सर."

"असू दे. त्या पुण्याच्या बाईंचा नंबर दे. डावीकडे वळताना तू खांदा आधी टाकतेस. मी ओरडून थकलो. त्यांना आधीच सांगून ठेवतो."

त्यांनी तिथूनच फोन लावला. रूपालीने आणलेला चहा निवून गेला तरी बोलणं संपेना. आधी दीपमालाच्या तक्रारी सांगून झाल्या, मग हळूहळू तिचं कौतुक सुरू झालं. दीपमाला मान खाली घालून क्रेट भरत राहिली.

जुलैत ती पुण्याला गेली. सुरुवातीला जड गेलं. बाकीची मुलं पुढे होती आणि नृत्याच्या इतिहासाची इंग्रजी पुस्तकं समजता समजत नव्हती. एकदा तर तिने आईला फोन करून परत येते म्हणून सांगितलं. "उद्याचा दिवस वर्गात जा, मग ठरव," रूपाली म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गात होती, आणि दुपारी एका मैत्रिणीबरोबर स्वतःचा पहिला नाच बसवायला बसली.