मोहाखालची राखण

चैत्रातले कोवळे ऊन विद्यापीठाच्या सभागृहावरून सावकाश खाली येत होते. आधी कठड्यावर टेकले, मग पायऱ्यांवरच्या धुळीवर, मग वाळक्या पानांवर, आणि शेवटी प्रज्योतच्या नव्या बुटांपाशी येऊन थबकले. मोहाच्या झाडाखाली सांडलेल्या फुलांवरही ते असेच उतरते, हे त्याला आठवायचे नव्हते.

वाघाने आई नेल्यावर जंगलातल्या गावातून तो संशोधनापर्यंत कसा पोचला, हे आज तो विद्यार्थ्यांना सांगणार होता. धाकटी बहीण संघप्रिया पहिल्यांदाच त्याला ऐकायला आली होती.

"दादा, घाबरून राह्यला का? तोंड त पाह्य, जसा वाघच समोर हाये!" ती हसली आणि लगेच गप्प झाली. "मायचं सांगजो. पण ती एकटी काऊन गेली, मले अजून समजत नाई."

गावात मोह वेचायला कुणी एकटे जात नसे. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो. म्हणून एकाने वेचायचे आणि दुसऱ्याने उभे राहून आवाज देत राहायचे.

व्यासपीठावर त्याने सवयीचे वाक्य उच्चारले, "त्या पहाटे माझी आई एकटीच..."

पहिल्या रांगेत संघप्रियाने मान खाली घातली. गावकरी आईला बोल लावत, तेव्हा ती अशीच मान खाली घालायची.



"आई एकटी नव्हती," तो म्हणाला. "राखणीला मी होतो, आणि मी पुस्तक वाचत बसलो होतो."