दोन नद्यांच्या मधलं गाव

"न्यूयॉर्कला समुद्र, शिकागोला सरोवर, दोन नद्यांचा संगम सांगा कुणाच्या दारावर?"

"आमच्या, सर, आमच्या."

चाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज लुवेनियाच्या कानातून कधी गेलाच नाही. भूगोलाचा तास, भिंतीवर अमेरिकेचा नकाशा आणि वडिलांची छडी ओहायोच्या काठाकाठाने उतरत मिसिसिपीला भिडलेली. छडी टेकायची तिथे केरो, त्यांचं गाव. "देशात अशी मोक्याची जागा दुसरी नाही," ते म्हणायचे. "देव एखाद्या गावाला इतकं देत नाही." बाकावरची लुवेनिया मान ताठ करून बसायची. वडील तिचे आणि गावही तिचं.

आता त्याच दोन नद्या बांधाच्या गळ्यापर्यंत चढल्या होत्या. गावाभोवती बांधाचं कडं. उत्तरेला रेल्वेच्या पुलाखाली हमरस्त्यावर टांगलेलं प्रचंड लोखंडी दार. संध्याकाळी पाचला ते खाली येणार होतं. मग आतला आत, बाहेरचा बाहेर. गाव सोडण्याचा हुकूम कालच निघाला होता. शेजारची चारही घरं रिकामी झाली होती. तसं तर त्यातली दोन पुरापूर्वीच रिकामी होती.

ती परसात गुडघ्याएवढ्या चिखलात उभी होती. बांधाखालून झिरपलेलं पाणी गवतातून वर येत होतं, चुलीवरच्या मक्याच्या कण्यांसारखं रटरटत. भोवती वाळूच्या पोत्यांचं आळं रचून पाठीचा काटा ढिला झाला होता.

"झऱ्याचं तोंड बुजवू नकोस हं," मागच्या ओसरीतून वडिलांनी, हॅस्केल सरांनी, चौथ्यांदा बजावलं. वय त्र्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज वर्गातला. "इथे बुजवशील तर दुसरीकडे फुटेल. नुसतं आळं कर. पाणी कसं आहे?"

"नितळ."

"मग भिण्याचं काम नाही."

"तुम्हाला कधी होतं डॅडी, भिण्याचं काम?"

तीनला पाणी राखाडी झालं. तिने ओंजळीत घेतलं, बोटांत वाळू करकरली. बांध आतून पोखरला जात होता. या गावात शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो.

"वाळू येतेय, डॅडी. उठा. बॅग भरलीय, गोळ्या घेतल्यात."

"तू जा."

"तुम्हाला टाकून?"

"साऱ्या देशाचं पाणी माझ्या दारी येतं, आणि मी दार सोडून जाऊ?"

हे ती एकतिसाव्या वर्षापासून ऐकत आली होती. सेंट लुईसच्या इस्पितळाचं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हाही त्यांनी मान वर न करता विचारलं होतं, "मधली जागा सोडून कडेला कुणी जातं का?" ती राहिली. मग आई गेली, दुकानं गेली, शाळेला कुलूप लागलं. मालवाहू बार्जांचे तांडे रोज नदीतून समोरून जायचे, थांबायचं कुणी नाही. साऱ्या जगाची वाट तिच्या दारावरून होती आणि तिला पाऊल टाकायला वाट नव्हती.

चारला लमार आला. सरांचा जुना विद्यार्थी, केस पिकलेला, माणसं काढायला मेम्फिसहून गाडी घेऊन आलेला.

"सर, शेवटची खेप. चला, की खुर्चीसकट उचलू?"

"उचलून बघ. भूगोलात काठावर पास झालास, खुर्ची काय उचलतोस."

लमार हसला, लुवेनियाकडे वळला. "गंमत आहे बघ, ताई. मला जा म्हणणारे हेच. अकरावीत व्यायामशाळेमागे नेलं, स्वतःची सूटकेस हातात दिली. म्हणाले, पहिल्या बसने नीघ, मागे बघू नकोस. आज स्वतःच हलत नाहीत."

बॅगेचा पट्टा आवळणारे लुवेनियाचे हात थांबले. "तुला सांगितलं?"

"मला एकट्याला होय? सगळ्यांनाच. वर्गात गाणं, बाहेर हे." मग तिचा चेहरा पाहून तो गडबडला. "मी गाडी फिरवून ठेवतो," म्हणाला आणि निघून गेला.

ओसरीत दोघंच उरली. परसात पाणी रटरटत होतं. तिने खुर्ची ओढली, वडिलांच्या समोर बसली.

"सगळ्यांना सांगितलंत?"

त्यांनी मान बांधाकडे वळवली.

"मी तुम्हाला पत्र दाखवलं होतं, डॅडी. तुमच्या हातात दिलं होतं."

"आठवतं."

"साडेचार वाजतील आता. मी तुमच्याशिवाय निघणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. निदान आज तरी खरं बोला."

त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले. उठता येईना. तिने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. बापाचं वजन पोत्यापेक्षाही कमी भरलं. तिच्या खांद्यावर भार टाकून ते पायरीपर्यंत आले आणि तिथे थांबले.

"नकाशावर जागा चांगलीच होती, पोरी. ते खोटं नव्हतं. पण इथे काही होणार नाही, हे मला तू जन्मायच्या आधीपासून कळत होतं. म्हणून एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, जा." त्यांना दम लागला. "तुला नाही सांगितलं. सांगितलं असतं, तर तू गेली असतीस."