कुवलपूरचा पाचवा भाग

पुंजाजीची थोरली लेक तानू ज्या वैशाखात उजवली, ते साल एकोणीसशे बासष्टचं. लग्नाचा बस्ता घ्यायला तो देऊळगाव राजाला गेला होता. तिथं बालाजीच्या देवळाबाहेर एक माणूस पोत्यावर जुनी पुस्तकं मांडून बसला होता. पुंजाजी आदल्याच वर्षी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकला होता. पंचेचाळिशी उलटल्यावर वाचता येऊ लागलेला माणूस दिसेल ते वाचत सुटतो. एसटीच्या पाट्या, खताच्या गोण्या, काडेपेटीवरची नावं, पुंजाजीनं काही सोडलं नव्हतं. त्या ढिगात एकाच पुस्तकाचे सुतळीनं बांधलेले चार भाग होते. वरच्या भागावर हातात दिवा घेतलेली बाई होती, तिच्या डोक्यामागं पिवळा गोल आणि खाली मोठ्या अक्षरात 'कुवलपूर'. पुंजाजीनं ताडलं, ही कुठल्या तरी देवीची पोथी आहे. कुवलपूरची देवी आपण ऐकली नाही खरी, पण आपण ऐकलेलं तरी असं कितीसं आहे?

त्यानं पोथी लाल फडक्यात बांधली आणि आषाढातल्या एकादशीला मारुतीच्या देवळात लावली. हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. बाजाराच्या दिवशी गावात औत धरत नसत, म्हणून त्या दिवशी दुपारी वाचन ठरलं. कंदिलाच्या उजेडात त्याला अक्षरं अजून नीट सापडत नसत.

पहिल्या अध्यायात तळ्याकाठचं नगर आलं. दुसऱ्यात मासा बोलला. पुराणात मासे बोलतात, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. तिसऱ्यात प्रधानानं चोरवाटेनं बाहेरचा माणूस आत घेतला, पण देवाचं नाव काही निघेना.

"पुंजा, देवी केव्हा येईन बे?" म्हातारा उकंडराव खांबाला टेकून विचारायचा. गावातल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणं हे त्याचं काम होतं, आणि ते तो मन लावून करी.

"येईन ना, वाचू तं द्या."

देवी आली नाही. पहिला भाग संपेपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं, की ही पोथी नाही, कोणा लेखकानं मनानं रचलेली कथा आहे. पण बंद कर असं कोणीच म्हणालं नाही. एकदा लावलेलं वाचन समाप्तीशिवाय सोडू नये, असं बायकांचं म्हणणं पडलं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना कुवलपूरची चटक लागली होती.

कथा अशी होती. कुवलपूरच्या तळ्यावर वर्षातून एकदा धुकं उठायचं. त्या धुक्यात नगराची नदी हरवली होती. ती परत आणायला राजा मेघसेन धुक्यात शिरला, आणि आलाच नाही. राणी हेमलेखा बुरुजाच्या खिडकीत दिवा लावून बसली. दिव्याची ज्योत राजाच्या जिवाशी बांधलेली होती. चौथ्या भागात एका संध्याकाळी ती ज्योत एकदम निळी झाली. निळी का झाली, ते लेखकानं सांगितलं नाही.

मग काय! अख्खा आठवडा गावात तोच विषय. निंदणीत बायका तेच बोलत, मोटेवर गडी तेच बोलत.

"त्यात काय समजाचं? प्रधानानं तेलात भेसळ केली," उकंडराव म्हणाला. "आपल्या गावात गोडेतेलात होते, तं कुवलपुरात काऊन होणार नाई?"

"भेसळीनं ज्योत निळी होते काय, दादा?"

"तुह्या दुकानदाराले विचार."

शेजारच्या अन्नपूर्णाबाईचं म्हणणं वेगळं. राजा पहिल्याच दिवशी धुक्यात मेला. निळी ज्योत म्हणजे सुतक. राणीला ते कळतं, पण ती मान्य करत नाही. अन्नपूर्णाबाई हे इतक्या जोरानं सांगायची, की जणू मौतीला ती स्वतः हजर होती.

तिच्या या जोराचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुंजाजीची धाकटी बहीण झुंबर तेरा वर्षांपासून माहेरी राहत होती. तिचा नवरा सहदेव गिरणीत काम पाहतो म्हणून बऱ्हाणपूरला गेला. वर्षभर कोणाच्या तरी तोंडी निरोप येत राहिले, मग तेही थांबले. पुंजाजी स्वतः जाऊन शोधून आला. कोणी म्हणालं इंदूरला गेला, कोणी म्हणालं असा माणूस इथं नव्हताच. बारा वर्षं भरली तशी जातीच्या पंचांनी झुंबरला मोकळं केलं. आणि अन्नपूर्णाबाईनं आपल्या भावासाठी, पिंपळगाव राजाच्या रंगरावासाठी, तिच्या पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, गोष्ट काढली. रंगरावाची बायको बाळंतपणात गेली होती. त्याचा विहिरीवरचा भाजीचा मळा होता, माणूस अबोल होता.

झुंबर हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. फार विचारलं तेव्हा एवढंच बोलली, "पोथी संपू द्या, मंग सांगतो."

तेव्हापासून कुवलपूरचा राजा जगतो की मरतो, याला गावात वेगळंच वजन आलं. ज्यांना झुंबरनं पाट लावावा असं वाटे, ते राजाला मारून मोकळे झाले. ज्यांना तिची दया येई, ते म्हणत राजा नक्की येईल, राणीचं पुण्य फुकट जाणार नाही. राणीच्या खिडकीत येऊन बसणारी एकडोळी मैना हाच राजा, असाही एक पक्ष निघाला. झुंबर सगळ्यांचं ऐकून घेई आणि समोरच्या मिरच्यांचे देठ खुडत राही. तिचं स्वतःचं मत मात्र तिनं कोणाला सांगितलं नाही.

आश्विनात चौथा भाग संपला. शेवटच्या पानावर ओळ होती, 'उरलेली कथा पाचव्या भागात.' पुंजाजीनं ती परत परत वाचली. मग एसटीनं चिखलीला गेला. तिथल्या पुस्तकाच्या दुकानदारानं भाग उलटेपालटे करून पाहिले.

"बुवा, हे जुनं दिसते. पाचवा भाग निघालाच नाही. छापखानाच बंद पडला."

"मंग समाप्ती कशी कराची?"

"कसली समाप्ती?"

पुंजाजीनं फडकं बांधलं आणि घरचा रस्ता धरला. गाडीत त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. झुंबरनं शब्द दिला होता, पोथी संपली की सांगीन. आता पोथी संपणारच नव्हती. म्हणजे ती अशीच चुलीमागं, भावाच्या घरात, म्हातारी होणार होती. पाट लाव असं तो तिला म्हणाला असता तर तिनं ऐकलंही असतं, पण ते त्याला करायचं नव्हतं. पहिल्या वेळीही त्यानं तिला न विचारताच दिली होती. सहदेवाचं स्थळ त्यानंच पाहिलं होतं.

घरी त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, सगळं ऐकून घेतलं आणि ताक घुसळता घुसळता म्हणाली, "मंग वाचून टाका ना तुमीच, राजा मेला म्हून."

"लिहिलेलं नाई, तं वाचू कसं?"

"तिले वाचता येते काय? गावात दुसऱ्या कोनाले एवढं येते? मास्तर तं ऐकाले येत नाई."

"सोजरे, त्याले खोटं म्हंतेत."

"अन् तिचं असं बसून राहणं, ते खरं हाय?" सोजराबाईचे हात थांबले. "मी काई तिले घराबाहेर काढून नाई राह्यली. नणंद-भावजया सख्ख्या बहिनीवानी राह्यलो आमी तेरा वर्ष. पण मी मेल्यावर तिचं कोण करीन, सांगा."

पुंजाजी लाल फडकं सोडून चौथ्या भागाचं शेवटचं पान काढून बसला.

कार्तिकी एकादशीनंतरच्या बाजाराच्या दिवशी समाप्ती ठरली. नारळ आला, सव्वाशेर साखर आली. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगराव बहिणीकडं वांगी घेऊन आला होता, तोही मागं येऊन बसला. श्रावणापासून त्यानं बाजाराच्या दिवशी यायचं चुकवलं नव्हतं. लोक म्हणत झुंबरला पाहायला येतो, पण वाचन चालू झालं की त्याची मान पुस्तकाकडं असायची.

पुंजाजीनं चौथ्या भागाचं शेवटचं पान उघडलं. सोजराबाई त्याच्याकडं टक लावून बघत होती. त्यानं घसा खाकरला.

"धुक्यातून खबर आली, की राजा..."

सवयीनं त्याचं बोट पानावर फिरत होतं. बोटाखाली छापखान्याचा पत्ता होता आणि तोंडात राजाचं मरण. अक्षरं एक सांगत होती, जीभ दुसरंच सांगू पाहत होती. वर्गात पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचलं तेव्हा त्याला वाटलं होतं, की आता आपल्याला कोणी फसवू शकणार नाही. आता तोच दुसऱ्याला फसवायला बसला होता. जीभ पुढं चालेना.

"काय झालं बे राजाचं?" उकंडराव पुढं सरकला.

पुंजाजीनं पुस्तक मिटलं. "लिहिलेलं नाई," तो म्हणाला. "पाचवा भाग निघालाच नाई. मी मनानं सांगत होतो. मले ते होत नाई."

कलकलाट झाला. नारळ आणलाय, आता काय करायचं? शेवटी उकंडरावानंच तोड काढली. लेखक पळाला तर ऐकणाऱ्यांनी समाप्ती करावी. ज्याला जे वाटतं ते त्यानं देवासमोर सांगावं, मग नारळ फोडावा.

उकंडरावानं प्रधानाला गाढवावर बसवून नगरातून फिरवलं. अन्नपूर्णाबाईनं राजाला पुन्हा एकदा मारलं, तेराव्यापर्यंत नेलं. मैनेच्या पक्षानं मैनेचा राजा केला. झुंबर मान खाली घालून ऐकत होती.

"रंगराव, तू काऊन गप?" कोणी तरी म्हणालं. "तुह्या तं कामाची गोष्ट हाय."

लोक हसले. रंगराव कानापर्यंत लाल झाला. "राजा जिता हाय," तो म्हणाला.

अन्नपूर्णाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे माह्या भावा!"

"नाई बाई, खरं हाय. दुसऱ्या भागात राजानं जाताना अंगरख्यात दोडक्याच्या बिया नेल्त्या. चौथ्या भागात धुकं जरा हटते अन् राणीले पलीकडं पिवळी फुलं दिसतेत. दोडक्याचा वेल, मांडवावर चढेल. आता वेल आपोआप मांडवावर नाई चढत. जमिनीवर सरपटते. त्याले कोनी तरी काडी देते, सुतळी बांधते, रोज पाहते. त्या धुक्यात दुसरं कोन होतं? राजाच होता. निळ्या ज्योतीचं मले माईत नाई, पण वेलाचं माईत हाय."

राजा मेला असता तर ज्याचं घर वसणार होतं, त्यानंच राजा जिवंत करून ठेवला होता.

झुंबरनं मान वर केली. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच वाचनात बोलली. "मांडव कायचा होता?"

"अं?"

"बांबूचा होता का कायचा?"

रंगराव गोंधळला. पुंजाजीनं पानं चाळली, बोट धरून ती ओळ शोधली आणि वाचली, "'तांबड्या दगडाच्या खांबांवर तो हिरवा मांडव डुलत होता.'"

"बांबूचा असता तं वर्ष-दोन वर्षाचा," रंगराव सवयीनं बोलून गेला. "दगडी खांब म्हंजे माणसानं..." आणि तो थांबला.

"म्हंजे माणसानं तिथंच राहाचं ठरवलं," झुंबर म्हणाली. "राजा जिता हाय. सुखात हाय. त्याले रस्ता सापडत नाई असं नाई. त्याले याचं नाई." तिनं पुंजाजीच्या हातातल्या पुस्तकाकडं बोट केलं. "राणीले म्हणा, आता उठ तिथून. गुडघे धरले असतीन तिचे."

उकंडराव म्हणाला, "हाव. हे लिहिण्यासारखं हाय," आणि त्यानं स्वतःच नारळ फोडला. उकंडरावानं कोणाचं बरोबर आहे असं म्हणण्याची गावात ती पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी मिरच्यांची पोती शिवत होता. झुंबर दाभण घेऊन समोर बसली.

"दादा, अन्नपूर्णीले हाव म्हून सांग."

पुंजाजीनं हातातला दोरा खाली ठेवला. "पक्कं?"

"पक्कं."

"अन् सहदेव उद्या दारात उभा राह्यला तं?"

"तं त्याले पाणी दे. पाहुणा म्हून." तिनं पोत्याला टाका घातला. थोड्या वेळानं तिला हसू आलं. "साऱ्या गावानं आपापल्या सोयीनं राजा मारला नाई तं जगवला. त्या एकट्यानं आपलंच नुकसान करून घेतलं. असा माणूस बाजारात रोज लुटला जात अशीन, दादा. त्याच्या टोपलीपाशी कोनी तरी बसाले पाह्यजे."

माघात पाट लागला. झुंबर पिंपळगाव राजाला गेली. पुढं पुंजाजी कधी तिकडं गेला, की तो आणि रंगराव विहिरीच्या थारोळ्यावर बसून ज्योत निळी का झाली यावर वाद घालत. त्यांचं कधी जुळलं नाही. झुंबर भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, आधी जेवा, कुवलपूर कुठं पळून जात नाही. सहदेवाची खबर काही आली नाही आणि तिनंही कधी विचारली नाही.

रंगराव एकोणीसशे सत्त्याहत्तर साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी वारला. झुंबरबाई त्याच्यामागं दोन वर्षांनी, माघ महिन्यात, पिंपळगाव राजातच वारली.