राहती खोली

सुमैय्याने उशी उचलून नाकाशी नेली, हुंगली आणि जागेवर ठेवली. मग वाकून पलंगाखाली टॉर्च मारली. पलंगाखाली काहीच नव्हतं. चप्पल नाही, बॅग नाही, धुळीचा कणसुद्धा नाही.

"इधर कोई नहीं रहता," ती म्हणाली.

दारात उभ्या सदानंदला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. दुबईजवळच्या जबल अलीतल्या या लेबर कॅम्पचा तो कॅम्प बॉस. बलदियाची, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीची, ही इन्स्पेक्टरबाई कामगारांच्या खोल्या नियमात बसतात का ते बघायला आली होती, आणि सकाळपासून सदानंद वरबापासारखा ताठ होता.

"रहते हैं, मॅडम. हर बेड पे आदमी है. अभी काम पे गये हैं."

"मैं रोज देखती हूँ," ती शांतपणे म्हणाली. "एक बिल्डिंग दिखाने की, एक रहने की. ये दिखाने की है. इसको मैं चेक नहीं करती." आणि तिने हातातला टॅब बंद केला.

सदानंदच्या कानशिलात रक्त चढलं. दिखाने की. जुन्या कॅम्पात तो स्वतः एकावर एक रचलेल्या माणसांत झोपला होता; एकाने कूस बदलली की वरचा शिव्या द्यायचा. इथेही मालकाने तिमजली पलंग कोंबले, तेव्हा हा पठ्ठ्या हेड ऑफिसात जाऊन बसला. माणसं आहेत साहेब, गोदामातली पोती नाहीत, असं तोंडावर बोलला. नोकरी जाता जाता राहिली, पण जादा पलंग निघाले. खिडक्या उघडल्या, न्हाणीघरं झाली, पिण्याच्या पाण्याची टाकी नवी आली. इतकं सगळं खरं करून आता हे खोटं ठरत होतं.

बाईचा फोन वाजला आणि ती खिडकीकडे वळली, तसा तो बाहेर पॅसेजमध्ये आला. तिथे सूर्यकांत उभा होता. कोल्हापूरकडचा, रात्रपाळीचा, म्हणून आज तेवढाच घरी.

"सूर्या, काय करून ठेवलंत रे हे?"

"काय म्हंजे? पाहुणं येणार म्हणालासा. मग घर आवराय नको?" सूर्यकांतच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणं होतं. "काल सुट्टी हुती, समदी मिळून भिडली. त्यो नायर तर खिडकीची जाळी दाताच्या ब्रशनं घासत हुता."

"आणि सामान?"

"मागच्या जिन्यात. दार लावून टाकलंय. तिकडं कोण मरायला जातंय?"

मागचा जिना म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची वाट. तिथे टाचणी ठेवायची नाही, हे सदानंदनेच सगळ्यांना बजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

सुजीत मागून आला होता. कंपनीचा अ‍ॅडमिन मॅनेजर, पुण्याचा. बूट असे की त्यात तोंड दिसावं. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पर्फेक्ट," तो हळू आवाजात म्हणाला. "सदानंद, आता एक शब्द बोलू नकोस. मी सांगतो, बिल्डिंग नवीन आहे, लोक नेक्स्ट वीक शिफ्ट होणार. रिकाम्या बिल्डिंगला टेम्पररी अप्रूव्हल मिळतं. आजच्या आज. खलास."

"आणि मग?"

"मग बघू."

हे 'मग बघू' सदानंद पुरता ओळखून होता. इमारत एकदा कागदावर रिकामी लागली, की काढलेले पलंग पुन्हा जिना चढणार. आणि ज्यांनी ब्रशने जाळ्या घासल्या ते कागदावर इथे कधी राहिलेच नव्हते.

"सर, इथे माणसं राहतात."

"अरे, मला माहितेय ना. तिला कशाला सांगतोस? फायर एक्झिट बघितली तर डायरेक्ट फेल. तुझ्या नावावर."

"होऊ दे की माझ्या नावावर."

तो खोलीत गेला आणि म्हणाला, "मॅडम, आईये. दिखाता हूँ कौन रहता है."

पॅसेजच्या टोकाचं दार त्याने ढकललं. ते अर्धंच उघडलं. त्याने खांदा लावला. आत काहीतरी घरंगळलं आणि फटीतून सामान दिसायला लागलं: दोरीने बांधलेल्या बॅगा, कुकर, लुंग्यांचं गाठोडं, कॅरम, गावी न्यायच्या ब्लँकेटांचे खोके, चपलांचा ढीग. आतून खोबरेल तेलाचा आणि कालपरवाच्या माशांचा वास आला.

सुमैय्याने हात घालून एक बरणी बाहेर काढली. "ये किसका?"

"नायर का लोनचा," सूर्यकांत म्हणाला. "हात लगाया तो झगडा करता है."

ती हसली नाही. "आग लगती तो?"

"तो सब मरते," सदानंद म्हणाला. "गलती मेरी है, मॅडम."

"फेल."

"हां, मॅडम."

मान खाली न घालता तो हे बोलला. तिने टॅब उघडला, दाराचा फोटो काढला, मग त्या ढिगाकडे जरा वेळ बघत राहिली.

"अगले हफ्ते फिर आऊँगी. अभी ये निकालो, सब अपनी जगह. मैं रुकती हूँ."

सदानंद आणि सूर्यकांत कामाला लागले. कुकर स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या गजाला लुंग्या चढल्या. कुणाची बॅग कुठल्या पलंगाखाली, हे सूर्यकांतला न विचारता ठाऊक होतं. नायरची बरणी उशाशी गेली, बाजूला त्याच्या लेकीचा फोटो. शेवटी चपला आल्या, त्या दारात ओळीने लागल्या.

सुजीत फोन कानाला लावून खोलीत येरझारा घालत होता. "हो सर, फेल. नाही सर, सदानंदनेच दाखवलं. हो, वेडाच आहे."

सुमैय्या पुन्हा खोली बघायला आली. दारात चपलांपाशी थांबली. आतल्या पलंगांवरून तिची नजर फिरली. मग ती वाकली आणि आपल्या जाडजूड बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

सदानंदने सुजीतच्या पायांकडे पाहिलं.

सुजीतचा आवाज बारीक झाला. "सर, दोन मिनिटांत करतो," असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि तो दाराबाहेर आला.

सदानंदने पायाने ओळ जराशी सरकवली आणि आणखी एका जोडाला जागा करून दिली.