हाजींच्या जावयाचा रोजा

पारेपारेच्या बंदरात पोती वाहणाऱ्या रुस्तमनं रमजानचे पहिले काही रोजे धरले. मग भर उन्हात पाठीवर पोतं घेऊन जहाजाची फळी चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तेव्हापासून तो दुपारी बाजारामागच्या खानावळीत, पडद्याआड बसून मटणाचा रस्सा आणि भात खायचा. संध्याकाळी घरी सगळ्यांबरोबर रोजा सोडायला खजूरही उचलायचा. सासरे हाजी मक्कावारू मशिदीचे कारभारी. "आमचा जावई पोती वाहतो, पण रोजा चुकवत नाही," असं ते चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

त्या दिवशी पडद्यापलीकडे, रस्त्यावरून, त्यांचाच आवाज आला. रुस्तम ताट टाकून मागच्या दारानं पळाला, गटारावरून उडी मारायला गेला आणि हातावर आपटला. कोपर निखळलं. गलका ऐकून धावत आलेल्या हाजींनीच त्याला रिक्षात घालून इस्पितळात आणलं.

हात गार पडत चालला होता, मनगटाला नाडी लागत नव्हती.

"कोपर लगेच बसवायला हवं," भुलीची डॉक्टर हस्नियार म्हणाली. "जरा वेळ झोपवते. शेवटचं कधी खाल्लंत?"

रुस्तमआधी हाजीच बोलले, "पहाटे, सेहरीला! रोजा आहे त्याचा."

"हो," रुस्तम म्हणाला.

डॉक्टरनं सोनोग्राफीचं यंत्र खाटेजवळ ओढलं, त्याच्या फासळ्यांखाली गार मलम लावलं आणि त्यावर यंत्राची मूठ टेकवली. यंत्राच्या पडद्याकडे बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"पुआंग, तुम्ही जरा बाहेर थांबता?" ती हाजींना आदरानं म्हणाली.

हाजी गेल्यावर तिनं यंत्र त्याच्याकडे वळवलं. "हे तुमचं पोट. गच्च भरलंय."

"सेहरीचंच असेल."

"सेहरीचं केव्हाच उतरलं असतं. हे बघा, मी काही मशिदीतून आलेली नाही. झोपेत हे उलटून छातीत गेलं तर जिवाशी खेळ होईल. म्हणून विचारतेय."

रुस्तमनं डोळे मिटून घेतले. "रस्साभात. दुपारी." बाजूची नर्स कापूस गोळा करत होती. ती हसली नव्हती, पण त्याला ती हसल्यासारखीच वाटली.

"मग झोपवायचं नाही. हातच बधिर करू."

तीच मूठ गळ्याच्या हाडावर ठेवून, पडद्यावर हाताच्या नसा शोधत तिनं सुई घातली. हळूहळू हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा झाला. हाडांच्या डॉक्टरनं ओढून कोपर बसवलं. बोटांत पुन्हा ऊब आली, नाडी लागली. रुस्तमनं ते सगळं टक्क जागेपणी पाहिलं.

बाहेर मगरिबची अजान झाली. हाजी खजूर आणि पाणी घेऊन आत आले. त्यांनी स्वतः अजून काही तोंडात घातलं नव्हतं.

"आधी तू सोड, बाळा. रोज्यात एवढं सोसलंस." त्यांनी खजूर त्याच्या ओठांशी धरला.

रुस्तमनं मान फिरवली. "पुआंग, माझा रोजा नव्हता. आजही नाही, कालही नाही. तुमचा आवाज ऐकून पळालो मी."

खजूर धरलेला हात तसाच राहिला. मग हाजींनी तो खजूर स्वतःच्या तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"चारचौघांत तुझं नाव घेत फिरलो," ते म्हणाले. "ते आता माझं मी बघेन. माझ्या लेकीला, हाएदाला मात्र तू सांग. मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून रुस्तम घरी बसला. जखमीला रोजा माफ, म्हणून शेजारणीही विचारपूस करून गेल्या. दुपारी हाएदानं, त्याच्या बायकोनं, माशाचं कालवण केलं. तिचा स्वतःचा रोजा होता, ओठ सुकले होते. तरी काटे काढून ती त्याला घास भरवू लागली.

"एवढ्या कष्टात रोजे धरलेस," ती म्हणाली, "आता तरी पोटभर खा."

रुस्तमनं डाव्या हातानं तिचा हात थांबवला.

"हाएदा, ताट बाजूला ठेव. आधी ऐक माझं."