गाठीचा कागद

सासूबाईंचा एकच हेका, "चंपाच्या अंगात येतंय."

का, तर माझे हात थरथरायचे, छाती धडधडायची, दुप्पट जेवून अंगाचं चिपाड झालेलं. मिलमध्ये धागा जोडता येईना. गळ्यावर लिंबाएवढी गाठ, ती मेली कुणाला दिसेना! नवरा, राजाराम, देवऋषाकडे न्यायला निघाला.

"धम्माची दीक्षा घेतलीस ना? मग देवऋषी कसला?" मी कडाडले. "मी परळच्या इस्पितळात जाणार."

तिथल्या दुर्गाबाई डॉक्टर गिरगावच्या. त्यांनी विचारलं, "काही औषध चालू आहे?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी घोटभर पाणी प्यायला दिलं. "यात किरण सोडणारं आयोडीन आहे. गळ्यातली ग्रंथी ते ओढून घेते. उद्या आमचं यंत्र गळ्यावरून फिरेल आणि जिथे आयोडीन साठलंय तिथे कागदावर ठिपके मारेल."

दुसऱ्या दिवशी यंत्र फिरलं. कागद जवळजवळ कोराच!

"ग्रंथी आयोडीन घेतच नाही," बाई कोड्यात पडल्या. "मग धडधड कशाची?"

"बघ," सोबत आलेला राजाराम म्हणाला, "यंत्रालाबी कळलं. चल आता देवऋषाकडे."

माझं डोकं फिरलं. तरातरा उठले, तसं लुगडं सरकलं आणि गुडघा उघडा पडला. सगळा तांबडा-काळा.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पडले. दहा दिवस टिंक्चर चोपडतेय."

"अहो चंपाबाई, टिंक्चर म्हणजे आयोडीनच! अंगात एवढं मुरल्यावर ग्रंथी आमचं कशाला घेईल? विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत?"

आता गुडघ्याला फासतात त्याला कोण औषध म्हणतं!

सहा आठवडे टिंक्चर बंद, समुद्राची मासळी बंद, तिच्यातही आयोडीन असतं म्हणे, मग पुन्हा तपासणी. मी म्हटलं, सहा तर सहा. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत सासूबाई रोज माझ्यासमोर बोंबील तळायच्या. वास नाकात जायचा. मी आमटीभात गिळायची. चौथ्या आठवड्यात पुन्हा मोर्चा निघाला. मी गेलेच. रेटारेटीत कोपर फुटलं. स्वयंसेवक बाटली घेऊन धावला.

"हात लावलास तर बघ!" मी ओरडले. बिचारा दचकून मागे सरला. नळावर कोपर धुतलं, घरून आणलेली हळद दाबली आणि पुन्हा घोषणा द्यायला लागले.

सहा आठवड्यांनी यंत्र परत फिरलं. या खेपेला कागदावर उजव्या बाजूला ठिपक्यांची नुसती दाटी, डावीकडे शुकशुकाट.

"सगळा धुमाकूळ या एका गाठीचा," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन करून काढू."

"काढा," मी म्हटलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण कशाला भ्यायचं ते आता ठाऊक होतं.

घरी येऊन कागद सासूबाईंपुढे धरला. "अंगात येतं ते हे. अठरा तारखेला कापणार."

त्यांनी कागद उलटा धरला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग डोळ्यांना पदर लावला.

"आणि मी सटवी सहा आठवडे तुझ्यासमोर बोंबील तळत बसले गं."

"अठरानंतर तळा," मी म्हटलं. "ताटभर."