काकडाचे खांब

बायकोला, कुसाबाईला, वारून चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात बुधा डोंगराच्या वाटेला एकदाही गेला नव्हता. तो ओट्यावर बसायचा आणि पुढ्यात येईल ते खायचा. सून सविता विचारायची, "आबा, अजून भाकर?" तो मान हलवायचा. घरात बोलणं तेवढंच.

वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या आणि घरामागच्या बांधाला शेवळाचे जांभळट कोंब वर आले. ते दिसले आणि बुधा उठला.

शेवळं मोठी हट्टी भाजी. उमलायच्या आत खुडली तर मटणाला मागं सारते. एक दिवस उशीर झाला की मेल्या उंदरासारखा वास मारते आणि माशा घोंगावतात. वेळेवर खुडली तरी नुसती शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की माणूस खाकरून खाकरून बेजार होतो. तिला उतारा काकडाच्या झाडाचा, आणि वाडीजवळ ते एकच होतं, गायरानात. त्याची हिरवी, आंबट फळं ठेचून पाणी काढायचं आणि भाजीत घालायचं. फळं आणि शेवळं एकाच वेळी तयार होतात. कुसाबाई म्हणायची, "देवानं खाज धाडली तसं औषीदबी धाडलं. तुमच्यासंगं मला धाडलं तसं."

वाडीत एक नेम होता. पावसाळ्याची नवी भाजी आधी घरातल्या गेलेल्या माणसांपुढं ठेवायची, मग जित्यांनी तोंडात घालायची. इतकी वर्षं कुसाबाई सासूसासऱ्यांचं पान वाढत आली. यंदा पान तिचं होतं. ते नीट, तिच्या हातासारखं वाढायचं, एवढं एकच काम बुधाला आता उरलं होतं.

"चिंच घालू की आबा," सविता म्हणाली. "चिंचेनंबी खाज जाती."

"तिनं कधी घातली चिंच?"

"नाय."

"मग?"

कोंब खुडून त्यानं टोपलीत ठेवले, टोपली ओट्यावर ठेवली, आणि कोयता घेऊन तो गायरानाकडं निघाला.

चढ संपला तिथं तो थांबला. वाट चुकली की काय, असं त्याला वाटलं. कुडा, बोंडारा, धामण, करवंदीच्या जाळ्या, काहीच नव्हतं. उतार साफ खरवडलेला, मेंढी भादरावी तसा. तांबड्या मातीत ओळीनं खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात गुलमोहराचं वीतभर रोप. रोपांच्या काळ्या पिशव्या वाऱ्यावर उडत होत्या. मधोमध मांडव होता आणि त्यावर फलक होता, 'जैवविविधता वन'. पर्यावरण दिन होता. नाशिकहून एका कंपनीच्या गाड्या आल्या होत्या, कुणीतरी जाडजूड गृहस्थ माइकवर जंगल वाचवायला सांगत होते, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या लोकांच्या पायांखाली कुडकुड वाजत होत्या.

बुधाचा मुलगा सोमनाथ कंपनीची हिरवी टोपी घालून उभा होता. खड्ड्यांचं आणि कुंपणाचं काम त्यानंच घेतलं होतं. घरी त्यानं 'झाडं लावायचं काम' एवढंच सांगितलं होतं.

"काकड कुठंय?" बुधानं विचारलं.

"कोणतं काकड?"

"ज्याच्या फांदीला तुझी झोळी बांधून तुझी आई गवत कापायची, ते."

सोमनाथनं इकडंतिकडं पाहिलं. "बा, हळू बोल. ते वाळलेलं होतं. ह्यांच्या माणसानं चैतात येऊन पाहणी केली. वाळलेल्या झाडांवर तोडायची म्हणून चुन्याची फुली मारली."

"चैतात काकडाला पान असतंय?"

सोमनाथनं पायाशी आलेली काळी पिशवी बाजूला सारली.

"तो शहरातला. त्याला नसंल म्हाईत. तुला?"

"म्हाईत होतं," सोमनाथ टोपी नीट करत म्हणाला. "पण मी बोललो असतो तर काम दुसऱ्याला गेलं असतं. झाड तर तसंबी पडलंच असतं."

या पोराचं तोंड आईवर गेलंय, असं लोक म्हणायचे. बुधाला ते आता पाहवेना.

तेवढ्यात कंपनीच्या पल्लवी मॅडम आल्या. कार्यक्रम त्यांचाच होता. "काका, या ना! सोमनाथ म्हणाला तुमच्या मिसेस नुकत्याच गेल्या. हे झाड त्यांच्या नावानं लावलंय बघा."

एका रोपापुढं पाटी होती. पाटीवर कुसाबाईचा फोटो, आधार कार्डावरचा, मोठा केलेला. त्या फोटोत ती कॅमेऱ्याला घाबरलेली होती. खाली लिहिलं होतं, 'स्मृतिवृक्ष'.

"ह्याला फळ काय येतं?"

"फळ असं नाही काका, पण उन्हाळ्यात लालभडक दिसतो."

बाई वाईट नव्हती, हेच जास्त वाईट होतं. रागावायलाही धड जागा नव्हती.

जेवणात 'रानभाज्यांची चव' ठेवली होती. बाजारातून शेवळं आणून आचाऱ्यानं काजूच्या रश्श्यात घातली होती, वर बोटभर तेल. तेलात जांभळे तुकडे तरंगत होते. मॅडमनी त्याच्यापुढं ताटली धरली.

"नको," तो म्हणाला. "आमच्यात गेलेल्या माणसाच्या आधी नवी भाजी खात नाहीत."

"किती सुंदर प्रथा!" मॅडम म्हणाल्या आणि कुणाला तरी ते लिहून घ्यायला सांगितलं.

थोड्याच वेळात मघाचे गृहस्थ खाकरायला लागले. मग त्यांच्या शेजारचे. मग सगळ्या मांडवात खॅक खॅक सुरू झालं. कुणी साखर मागतंय, कुणी ताक मागतंय.

"काका, याला काही घरगुती उपाय?" मॅडम घसा चोळत आल्या.

"हाय. काकडाचं फळ."

"कुठं मिळेल?"

"फुली मारली नं, तिथं बघा."

हसू यायला हवं होतं, पण त्याला नुसती किळस आली. तो तिथून निघाला आणि कुंपणापाशी जाऊन थुंकला. मान वर केली तर समोर खांब होता. मनगटाएवढी जाड फांदी जमिनीत ठोकून तिला काटेरी तार मारलेली. आणि तिच्या शेंड्याला तांबूस, कोवळी पानं.

त्यानं एक पान चुरगळून नाकाला लावलं. काकड. पुढचा खांबही काकड, त्याच्या पुढचाही. झाड तोडून त्याच्या फांद्या कुंपणाला वापरल्या होत्या, आणि त्या गपचूप फुटल्या होत्या. आत गुलमोहराची रोपं उन्हानं माना टाकून उभी होती.

बुधानं कोयत्यानं तार सोडवली आणि खांब हलवायला सुरुवात केली.

"काका, अहो, ते कुंपण आहे!" मॅडम ओरडल्या.

"कुंपण नाय बाई. झाड हाय."

सोमनाथ धावत आला. "बा, लोक बघतायत."

"बघू दे. वाळलेल्या झाडाला पाला फुटलाय, त्यांनी बघाया नको?"

खांब निघाला. बुधानं जाताजाता कुसाबाईची पाटीही उपटली आणि काखेत मारली.

घरी मोरीचं पाणी जिथं पडायचं तिथं त्यानं खड्डा घेतला आणि फांदी लावली. सविता तांब्या घेऊन उभी होती.

"ह्याला फळ कधी येणार आबा?"

"जगलं तर पाच-सात वर्सांनी."

"आन् तोवर आत्याबाईंचं पान?"

"तोवर तिला शेवळं नाय. आन् तिला नाय तर ह्या घरात कुणालाच नाय."

सवितानं मान हलवली. तिला ते पटलं असावं.

दिवस मावळायला सोमनाथ आला. अंगणात चप्पल काढली, टोपी खुंटीला लावली आणि उंबऱ्यात पाय ठेवता ठेवता खाकरला. एकदा खाकरला, मग थांबेना.

बुधानं वळून पाहिलं.

"खाल्लंस?"

"मॅडमनं ताटात वाढलं," सोमनाथ खाली बघत म्हणाला. "समद्यांसमोर नाय कसं म्हणू?"

"आईच्या आधी खाल्लंस."

सोमनाथ खाकरतच राहिला. सविता चिंचेचं पाणी आणायला आत गेली. बुधानं तिला अडवलं नाही.

सकाळची टोपली ओट्यावर तशीच होती. उन्हाच्या गरमीनं कोंब उमलले होते आणि वास घरभर झाला होता. सोमनाथनं नाकाला उपरणं लावलं आणि टोपली उचलली. "उकिरड्यावर टाकून येतो."

"ठेव खाली," बुधा म्हणाला. "आईची भाजी हाय ती. वास येतोय तर तो घे."

सोमनाथनं टोपली खाली ठेवली आणि तिच्या शेजारीच बसला. माशा येत होत्या, तो खाकरत होता. बुधानं तांब्या भरून घेतला आणि मोरीमागं फांदीला पाणी घालायला गेला.